बसून लागवड

वर्कशॉपमध्ये तिला सगळे टेपबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की टेपबाई, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. गळ्यात शिंप्यासारखी कापडी टेप, खिशात स्टीलची टेप, आणि समोर येईल त्याचं माप घ्यायची खोड. "बाईंसमोर जांभई देऊ नका रे," फिटरकाका सगळ्यांना बजावत, "जबड्याचं माप घेतील आणि त्याचंही ड्रॉइंग काढतील."

काढलंही असतं तिने. कारण गेली कित्येक वर्षं तिच्या डोक्यात एकच खूळ होतं, अननस लावायचं मशीन.

आता अननस लावायला मशीन कशाला, असं वाटेल कुणालाही. वाटू द्या. ज्यांनी अननस फक्त कापून ताटलीत ठेवलेला बघितलाय त्यांना असंच वाटणार. अननसाला बी फेकून भागत नाही. झाडाच्या बुडातून फुटवे येतात, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पात्यांना करवतीसारखे दात. ते तोडायचे, वाळवायचे आणि एकेक करून हाताने लावायचे. प्लास्टिकचा कागद अंथरलेला लांबच लांब वाफा असतो. कमरेत वाकायचं, लोखंडी खुंटीने भोक पाडायचं, फुटवा खोचायचा, दोन्ही मुठींनी माती दाबायची आणि वाकल्या वाकल्याच पुढचं पाऊल टाकायचं. मध्ये सरळ व्हायचं नाही, कारण सरळ झालं की परत वाकताना जीव जातो. ही माणसं सकाळी वाकतात ती जेवणाच्या सुट्टीला उभी राहतात. हातांवर जुन्या मोज्यांच्या बाह्या, डोळ्यांवर जाळीचा चष्मा, नाहीतर पात्याचं टोक थेट बुबुळात.

आणि टोळीचा एक कायदा असतो. वाकडा फुटवा मागे सोडायचा नाही. वाकडा राहिला की त्याच्या पोटात माती जाते, पोट कुजतं, झाड बसतं. मुकादम मागून तपासत यायचा आणि वाकडा सापडला की ज्याची ओळ त्याला पार दुसऱ्या टोकाहून परत बोलवायचा, सगळ्यांच्या देखत. त्यामुळे या लोकांच्या हातांनाच डोळे फुटलेले असतात. वाकडं दिसलं की हात गेलाच. डोक्याची परवानगी मागत बसत नाही.

टेपबाईला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तिला तिच्या ताईने वाढवलं होतं, आणि ताई अननस लावायची.

आईवडील लवकर गेले. ताई टोळीत लागली, धाकटीला शाळेत घातलं. संध्याकाळी ताई कामावरून यायची, पण लगेच घरात शिरायची नाही. पावलं दारापर्यंत यायची आणि थांबायची. चांगला वेळ जायचा. धाकटीला वाटायचं, पायांची माती झटकत असेल. एकदा ती खिडकीतून डोकावली. ताई दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती. उभी कसली, वाकलेलीच होती, आणि दात आवळून चौकटीवर एकेक हात वर सरकवत पाठ सरळ करत होती. पुरती सरळ झाल्यावर तिने तोंड पुसलं, आत आली आणि म्हणाली, "काय गं धाकटे, भूक लागली का?"

धाकटीने काही पाहिलंच नाही असं दाखवलं. पण त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी मोठी झाले ना ताई, की असं काहीतरी करीन की तुला वाकावंच लागणार नाही."

"कर की," ताई म्हणाली. "आधी ती गणितं कर."

गणितं केली. इंजिनियर झाली, शेतीची अवजारं बनवणाऱ्या कंपनीत लागली, फवारणीचे पंप काढता काढता साहेबांच्या मागे लागून लागून लागवडीच्या मशीनची परवानगी मिळवली. तोवर ताईचं लग्न होऊन मोडलं होतं, तिची मुलगी चिमणी वीस ओलांडून गेली होती, आणि ताईची पाठ आता चौकट धरूनही सरळ होत नव्हती. ती चालायची तेव्हा जमिनीवर काही पडलंय आणि ते शोधतेय असं वाटायचं. त्याच हंगामात चिमणीही टोळीत जाऊ लागली. घर चालायला हवं होतं, आणि दुसरं काम काय ठेवलं होतं तिथे?

"धाकटे, माझं काय, माझी गेली," ताई एकदा भांडी घासता घासता म्हणाली. "पण या पोरीची कंबर जायच्या आत तुझं ते डबडं शेतात आण. एवढंच मागते."

"डबडं काय गं? मशीन आहे ते."

"चालेपर्यंत डबडंच."

मशीन असं होतं. पुढे ट्रॅक्टर. मागे एक लांब चौकट, तिच्यावर फुटव्यांचे ट्रे, आणि अगदी शेवटी, जमिनीपासून हातभर उंचीवर, मागे तोंड करून बसायच्या दोन सीट. सीटवाल्याच्या समोरून साखळी फिरते, साखळीला चिमटे. बसल्या बसल्या प्रत्येक चिमट्यात एकेक फुटवा द्यायचा. चिमटा तो खाली नेतो, मशीननेच पाडलेल्या भोकात उभा धरतो, दोन्ही बाजूंनी दाबचाकं येऊन माती दाबतात, चिमटा सुटतो. लावलेला फुटवा सीटवाल्याच्या पायाजवळून मागे जातो. कुणी वाकायचं नाही. सगळी लागवड बसून.

त्यासाठी टेपबाईने काय काय मोजलं! फुटव्यांचे बुंधे मोजले, पात्यांचे कोन मोजले, ओल्या मातीचा जोर, सुक्या मातीचा जोर. ताईचा फक्त हात समोर धरून तो कसा खोचतो, कसा दाबतो, ते बघत बसायची. "हाताला नजर लागेल माझ्या," ताई म्हणायची. फक्त सीटचं माप तिने कुणावर घेतलं नाही. बसायचं तर काय, बसतं कुणीही. ती स्वतः स्टुलावर बसली, गुडघ्याची उंची घेतली, पाठीचा दांडा उभा लावला, झालं. दिवसभर टेबलापाशी ताठ बसणाऱ्या बाईची पाठ होती ती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मशीन तयार झालं तेव्हा तिने ताईला आणि चिमणीला वर्कशॉपमध्ये बोलावलं. ताई सीटवर चढली. बसली म्हणण्यापेक्षा टेकली. तिची पाठ मागच्या दांड्याला पोचेचना, आणि अंग आपोआप पुढे साखळीकडे झुकलं.

"मॅडम," फिटरकाका म्हणाले, "ताईंचे गुडघे साखळीला लागतायत बघा. सीट मागे घेऊ का?"

टेपबाईने गळ्यातली टेप काढली. "थांब ताई, पाठीचं माप घेते."

"माझं कसलं माप घेतेस? मी काय फुटवा आहे?" ताईने तिचा हात झटकला, आणि सगळे हसले. "काही लागत नाहीत हो काका. राणीसारखं वाटतंय. आयुष्यात पहिल्यांदा कामाला खुर्ची मिळाली, आता ती पण मागे घ्या!"

हशा पिकला आणि टेप परत गळ्यात गेली. चाचणी तोंडावर आली होती, सीट हलवायची तर अख्खी चौकट तोडावी लागली असती. ताईला ते दिसत होतं. टेपबाईलाही दिसत होतं, म्हणूनच तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

चाचणीच्या दिवशी साहेब स्वतः शेतात आले. माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. "शंभरात पाचपेक्षा जास्त वाकडी गेली तर मशीन भंगारात," ते म्हणाले, "आणि तुम्ही परत पंपांवर. आणि हो, चालू मशीनजवळ तुम्ही फिरकायचं नाही. ज्याचं पोर त्याने पेपर तपासायचा नसतो."

फुटव्यांची गाडी आली आणि टेपबाई धावत तिच्याजवळ गेली. लहानमोठे, जाडबारीक, सगळी सरमिसळ. वर्कशॉपमध्ये तिने एका मापाचे निवडून घेतले होते. चिमटा सगळ्यांना सारखाच आवळणार, बारीक फुटवा त्यात डुगडुगणार.

"साहेब, हे निवडलेले नाहीत."

"बाई, शेतात काय ते नटूनथटून येणार आहेत का? असेच येणार. चालू करा."

ताई आणि चिमणी सीटवर चढल्या. पहिली मीच बसणार, असं ताईने मुकादमाला आधीच ठणकावून ठेवलं होतं. टेपबाई साहेबांबरोबर वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. मशीन समोरून येत होतं. ट्रॅक्टरचं तोंड दिसत होतं, ट्रे दिसत होते, धूळ दिसत होती. मागच्या सीट काही दिसत नव्हत्या. ढेकळांवर चौकट उडत होती, आणि टेपबाई आवाजावरून नुसती चिमटे मोजत होती, ओठांतल्या ओठांत.

मशीन टोकाला आलं. ट्रॅक्टर बंद झाला. मुकादम ओळीतून बोट दाखवत चालत गेला आणि परत येताना हसतच आला. "साहेब, शंभरात तीन! माझी माणसंसुद्धा इतकी सरळ लावत नाहीत."

टाळ्या पडल्या. साहेबांनी टेपबाईच्या पाठीवर थाप मारली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं, आणि ती धावत मागे गेली.

"ताई! झालं गं! उतर ना!"

"उतरते गं," ताई म्हणाली. "घाई काय आहे?"

ती ताठ बसली होती. इतकी ताठ की टेपबाईला आधी आनंदच झाला. मग दिसलं, डोक्याचं फडकं ताईने कमरेभोवती आवळून मागच्या दांड्याला बांधलं होतं. मांडीवर जुनी लोखंडी खुंटी. चेहरा पांढराफटक, ओठ चावून फुटलेला. चिमणी शेजारच्या सीटवर हुंदके देत होती.

"पाय उचल ताई. मी धरते."

"उचलतेच आहे," ताई म्हणाली. पाय जागचे हलले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. झिजलेले मणके होतेच, त्यातला एक सरकून शिरेवर बसलाय, म्हणाले. कमरेखाली ताकद परत येईल असं मी खोटं सांगणार नाही, म्हणाले. सरळ झोपवून ठेवायचं, कमरेला पट्टा करून घ्या, त्याचं माप आणा.

टेपबाईने गळ्यातली टेप काढली. ताईला कुशीवर वळवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या पाठीभोवती टेप फिरवली. मधे पाठीचा कणा मुठीसारखा वर आलेला होता, टेप तिथे बसेना. तिने दोनदा माप घेतलं, दोन्ही वेळा आकडा विसरली, आणि मग तिथेच, ताईच्या पाठीला कपाळ लावून ढसाढसा रडली.

"अगं, गुदगुल्या होतायत," ताई म्हणाली.

बाहेरच्या बाकावर चिमणीने सगळं सांगितलं. मशीन हललं तसं आईचं अंग पुढे साखळीवर जायला लागलं, म्हणून तिने फडकं सोडून स्वतःला दांड्याला बांधलं. मग फुटवे वाकडे पडायला लागले. तीनचार गेले की एक वाकडा, पायाशीच. आई एका हाताने चिमट्यात फुटवा द्यायची आणि दुसऱ्या हाताने खुंटी घेऊन खाली झुकून वाकडा सरळ करायची. कंबर बांधलेली, वरचं अंग पिळवटलेलं, खालून ढेकळांचे दणके. आपल्या बाजूचेही करायची, चिमणीच्या बाजूचेही.

"आणि तू गप्प बसलीस?" टेपबाई तिच्या अंगावर ओरडली. "ट्रॅक्टर थांबवायला काय झालं होतं?"

"ओरडत होते मी मावशी! आईच म्हणाली, गप्प बस, मावशीचा पेपर आहे."

म्हणजे शंभरात तीन हे मशीनचं काम नव्हतंच. मशीनने लावलेले वाकडे ताईने सरळ केले होते, आणि मशीन पास झालं होतं. टेपबाई उठली ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. मशीन नापास आहे, म्हणाली. सीट चुकली आहे, चिमटा चुकला आहे, माझी चूक आहे.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताईंचं फार वाईट वाटलं," ते म्हणाले, आणि खोटं नसावं ते. "सीट बदला. पट्टेही लावा. चिमट्याला किती वेळ लागेल?"

"फुटव्याच्या जाडीप्रमाणे आवळणारा करायचा तर पुढच्या हंगामापर्यंत."

"मग पुढच्या हंगामाला करा. या हंगामाला मशीनच्या मागून एक माणूस चालवा. वाकडं दिसलं की सरळ करायचं."

"वाकून?"

"मग काय उडत?" साहेब चिडले. "अहो, कालपर्यंत अख्खी टोळी वाकत होती. आता एकच माणूस वाकणार. तुम्ही तर गणितवाल्या. सांगा, नुकसान कुठे आहे?"

गणित बरोबर होतं. राजीनामा तोंडावर फेकावा असं दहादा मनात आलं, पण आपण गेलो तर चिमट्याला हात कोण लावणार? तसंच काम चालू राहील, कायमचं. असं स्वतःला समजावत ती खाली उतरली, आणि फिटरकाकांना नव्या सीटचं ड्रॉइंग दिलं. काकांनी ते बघितलं आणि घडी करून खिशात ठेवलं. त्यांनी टेपबाईची चेष्टा करायची सोडली ती त्या दिवसापासून.

मशीन शेतात गेलं. सीटवर मुकादमाने आपली माणसं बसवली, तो काय सोडतोय? मागून चालायला मात्र कुणी तयार होईना. टोळीत वाकायचं तर आपल्या पावलाने वाकायचं असतं, इथे ट्रॅक्टरच्या पावलाने. वाकूनच जवळजवळ पळायचं. त्याला तरणं, चपळ माणूस पाहिजे, आणि ज्याच्या हाताला वाकडं दिसल्यावर राहवत नाही असं पाहिजे. टोळीत असं एकच होतं. आईच्याच हाताखाली शिकलेलं.

"मी जाते," चिमणी मावशीला म्हणाली. "टोळीतली निम्मी माणसं कमी केली मावशी, मला हेच काम आहे. पण आईला सांगायचं नाही. आईला सांगायचं, मी सीटवर बसते. घे शपथ."

टेपबाईने शपथ घेतली. काय करणार होती दुसरं?

ताईला घरी आणून खिडकीजवळच्या फळीच्या पलंगावर सपाट झोपवलं. धाकटी वर्कशॉपमधून लवकर येऊन तिचं सगळं करायची. एका संध्याकाळी ती उशी नीट करत होती, तेव्हा ताई छताकडे बघत म्हणाली, "तू शब्दाची पक्की हं. वाकावंच लागणार नाही म्हणाली होतीस."

"ताई, असं नको ना बोलू."

"अगं, हस की मेले! एवढा चांगला विनोद केला." मग हळू आवाजात, "माझं राहू दे. पोरगी बसूनच असते ना?"

"हो."

"पाठीला टेकायला आहे ना नव्या सीटला?"

"आहे. मऊ केलीय. मापाने."

"मग झालं," ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटले. "मग फुकट नाही गेलं माझं."

बाहेर रस्त्यावरून माणसं कामावरून परतत होती. त्यातली दोन पावलं दाराकडे वळली. दारापर्यंत आली आणि थांबली.

टेपबाईने हातातली उशी तशीच धरून ठेवली. ये ना गं आत, ती मनातल्या मनात म्हणत होती, ये लवकर, एकदम आत ये. पावलं आली नाहीत. चौकटीचं लाकूड हलकेच करकरलं. थोड्या वेळाने आणखी एकदा करकरलं, जरा वरच्या बाजूला.

ताईने डोळे उघडले. ती छताकडेच बघत होती, दाराकडे अंग तिला वळवता येत नव्हतं. पण तो आवाज तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग दार ढकलून चिमणी आत आली, ताठ, हसत, तोंड पुसत. "काय गं आई," ती म्हणाली, "भूक लागली का?"

ताईने नुसता हात पुढे केला, आणि चिमणी जवळ बसल्यावर तिच्या कमरेवर ठेवला. मग तिने धाकटीकडे डोळे फिरवले, आणि ते तिच्यावरून काढलेच नाहीत.